परभणीत उमटलेली 10 मायक्रॉनची रेघ

काचेच्या तुकड्यावर 10 मायक्रॉन रुंदीची पहिली रेघ उमटली, तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी आईला उठवून मायक्रोस्कोपमधून ती दाखवली. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो आणि 1971 चा इंटेल 4004 हा प्रोसेसर याच 10 मायक्रॉनच्या तंत्रावर घडला होता. परभणीत, घरच्या माडीवर, तेवढी बारीक रेघ!

उजेडानं काचेवर नक्षी उमटवायची ही मांडणी साधी आहे. जुन्या, दिव्याच्या डीएलपी (बारीक आरशांनी चित्र पाडणाऱ्या) प्रोजेक्टरचं चित्र मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याच्या नळीतून आत सोडायचं, 10एक्सचं भिंग ते आकसून काचेवर पाडतं. काचेवर फोटोरेझिस्टचा, म्हणजे उजेडानं बदलणाऱ्या रसायनाचा लेप असतो, तो कॉम्प्युटरच्या पंख्यावर काच गरगर फिरवून द्यायचा. उजेड पडलेला भाग कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात विरघळतो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नका.

सुरुवातीला माझ्या रेघा द्रावणात सुटून तरंगायच्या. मी भिंगाला दोष देत राहिलो. दिवस पावसाळ्याचे होते. काचेवर ओल धरलेली, म्हणून लेप पकडच घेत नव्हता. काच 150 अंशांवर दहा मिनिटं तापवली, गार होताच लेप दिला, आणि रेघा टिकल्या. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ छळते. लेपावर बसलेला एक कण दहा रेघा खातो. मी आता हिवाळ्यातच काम काढतो: ओल्या फडक्यानं खोली पुसायची, छताचा पंखा बंद, अर्धा तास धूळ बसू द्यायची, मगच रेझिस्टची बाटली उघडायची.

फोकसनं मात्र सगळ्यात जास्त दमवलं. रेझिस्टला लाल उजेड बाधत नाही, म्हणून लाल चित्र टाकून निवांत फोकस करायचा आणि मग निळं चित्र टाकायचं. पण भिंग लाल आणि निळा एकाच पातळीवर आणत नाही. 0.25 एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून उजेड घेतं ते माप) भिंगाला फोकसची जेमतेम 7 मायक्रॉनची खोली मिळते, त्यामुळे लालवर रेखीव दिसलेलं निळ्यात पुसट उमटतं. यावर उपाय असा: एकाच काचेवर तीच नक्षी ओळीनं उमटवा, दर वेळी मायक्रोस्कोपची बारीक फोकसची चकती दोन मायक्रॉननं सरकवा. सर्वांत धारदार नक्षी कितव्या घराला आली ते पाहा. तेवढं अंतर लाल फोकसनंतर दर वेळी सरकवायचं. उजेडाची वेळही अशीच 2, 4, 8, 16 सेकंद देऊन ठरवा.

माझा आकडा चकतीशेजारी चिकटपट्टीवर लिहिलेला आहे. भिंग बदललं, की पट्टी नवी.