झीजरोधक पोलादावर हार्डफेसिंग: योग्य मिश्रधातू कसा निवडावा

हार्डफेसिंग म्हणजे झिजणाऱ्या भागावर वेल्डिंगने कडक मिश्रधातूचा थर चढवणे. त्याचा रॉड निवडताना पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: किती एचआरसी, म्हणजे रॉकवेल मापावर कडकपणा किती? हा आकडा लागतोच, पण नुसत्या त्याच्यावर निवड केली तर फसगत होते. ६० एचआरसीची दोन डिपॉझिट, म्हणजे वेल्डने चढवलेले थर, घ्या: एक मार्टेन्सिटिक (मार्टेन्साइट या पोलादाच्या कडक रचनेचे) आणि दुसरे क्रोमियम कार्बाइडचे (क्रोमियम-कार्बनच्या अतिकडक कणांचे). रॉकवेल यंत्रावर दोन्ही सारखीच दिसतात. वाळूत चालवली की दुसरे कितीतरी जास्त टिकते, आणि दगडावर आपटली की त्याच दुसऱ्याचे टवके उडतात.

याचे कारण असे. वाळूतल्या क्वार्ट्झचा कडकपणा साधारण ११०० व्हिकर्स (कडकपणाचे आणखी एक माप) असतो. मार्टेन्साइट ६०० ते ९०० व्हिकर्सच्या आसपास, म्हणजे वाळूचा कण त्याला ओरखडू शकतो. क्रोमियम कार्बाइड १५०० व्हिकर्सच्या वर असते, तिथे कणाचे काही चालत नाही. रॉकवेलची सुई मात्र कार्बाइड आणि त्यांच्याभोवतीचा धातू यांची मिळून सरासरी सांगते. म्हणून निवडीची सुरुवात झिजलेल्या पृष्ठभागापासून करायची.

आधी झीज वाचा

तारेच्या ब्रशने भाग स्वच्छ करा आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघा. एका दिशेने गेलेले बारीक, चकचकीत ओरखडे म्हणजे वाळू-मातीची घासण, दाब कमी. खोल चर आणि त्यांच्या कडेला वर सरकलेला धातू दिसला तर दगड दाबाखाली खणत गेला आहे. कडा चेपून बाहेर फुगल्या असतील, छत्रीसारख्या पसरल्या असतील किंवा टवके गेले असतील, तर मुख्य शत्रू आघात आहे. धातूवर धातू घासल्यास पृष्ठभाग खेचल्यासारखा, चिकटून फाटल्यासारखा दिसतो. निळसर-करडी पापुद्र्याची खपली असेल तर उष्णताही जोडीला आहे.

बहुतेक भागांवर दोन प्रकार एकत्र असतात, आणि तेही जागेप्रमाणे बदलतात. खणणाऱ्या यंत्राच्या बकेटच्या दातांच्या टोकाला आघात, ओठाच्या खालच्या अंगाला घासण. त्यामुळे एकाच बकेटला दोन वेगळे रॉड लागणे अगदी स्वाभाविक आहे.

मूळ धातू कोणता, हे नक्की करा

ही पायरी चुकली की पुढचे सगळे वाया जाते, कारण झीजरोधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या दोन मुख्य पोलादांना एकमेकांच्या अगदी उलट वागणूक लागते.

चुंबक लावा. चिकटला नाही तर बहुधा ते ऑस्टेनिटिक मँगनीज पोलाद आहे, म्हणजे हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेले, ११ ते १४ टक्के मँगनीज आणि १ टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असलेले. क्रशरच्या जॉ प्लेट, हातोडे बहुधा याचेच. चुंबक ठामपणे चिकटला, कानस घसरून गेली आणि प्लेट सपाट रोल केलेली असेल, तर ते क्वेंच्ड-टेम्पर्ड (तापवून झटकन थंड केलेले आणि पुन्हा हलके तापवलेले) झीजरोधक पोलाद असण्याची शक्यता मोठी. ते ४००, ४५०, ५०० किंवा ६०० ब्रिनेल (हेही कडकपणाचेच माप) अशा आकड्यांनी विकले जाते. शिक्का सापडला नाही तर पोर्टेबल कडकपणा मापक वापरा.

मँगनीज पोलादाला गरम करायचे नाही. २६० अंश सेल्सिअसच्या वर ते रेंगाळले की कणांच्या सीमांवर कार्बाइड साचतात आणि चिवट पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. वेल्डपासून १२ मिमीवर तापमान-खडूने मोजत राहा, छोटे रन (वेल्डचे एका फेरीतले पट्टे) द्या, जागा बदलत राहा. वापरात कडक झालेला वरचा पापुद्राही आधी ग्राइंड करून काढा, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो.

क्वेंच्ड-टेम्पर्ड प्लेटला मात्र बऱ्याचदा प्रीहीट, म्हणजे वेल्डआधी तापवणे, लागते आणि वरची मर्यादाही लागते. ४०० ब्रिनेलची २० मिमीपर्यंतची कोरडी प्लेट बहुधा प्रीहीटशिवाय चालते. ५०० ब्रिनेलची जाड प्लेट १७५ ते २०० अंश मागते. इंटरपास, म्हणजे दोन रनांमधले तापमान, साधारण २२५ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका, कारण २५० अंशांच्या वर या प्लेटचा कडकपणा उतरू लागतो, आणि ज्या गुणासाठी ती घेतली तोच जातो. नेमका आकडा प्लेटच्या उत्पादकाच्या तक्त्यातून, एकूण जाडी धरून घ्यावा.

झिजेला जुळणारे कुटुंब निवडा

मोठा आघात असेल तर ऑस्टेनिटिक मँगनीज डिपॉझिट घ्या. वेल्ड केल्यावर ते २०० ब्रिनेलच्या आसपास, म्हणजे मऊच असते. ठोके खात खात ५०० ब्रिनेलपर्यंत चढते. ठोके नसतील तर ते कधीच कडक होणार नाही आणि वाळूत भराभर झिजेल. नुसत्या वाळूच्या चुटला (माल घसरवणाऱ्या पन्हळीला) मँगनीज रॉड लावणे ही नेहमीची चूक आहे.

धातूवर धातू चालत असेल, जसे ट्रॅक रोलर, चाके, शाफ्ट, तर ३० ते ५० एचआरसीचे मार्टेन्सिटिक डिपॉझिट. यातले खालच्या टोकाचे रॉड लेथवर मशीन होतात, हा मोठा फायदा.

आघात आणि घासण दोन्ही जोरात असतील तर टायटॅनियम कार्बाइड मिसळलेले मार्टेन्सिटिक डिपॉझिट पाहा. बारीक, अतिशय कडक कार्बाइड चिवट धातूत विखुरलेले असल्याने ते क्रोमियम कार्बाइडपेक्षा ठोके चांगले सोसते. आपटणाऱ्या हातोड्यांसाठी आमच्या मते याचा विचार क्रोम कार्बाइडच्या आधी व्हायला हवा.

घासण मुख्य आणि आघात कमी, इथे क्रोमियम कार्बाइडचे राज्य आहे: २० ते ३० टक्के, कधी त्याहूनही अधिक क्रोमियम, ३ ते ६ टक्के कार्बन, ५५ ते ६४ एचआरसी. थंड होताना त्यात आडव्या बारीक भेगा पडतात. रन संपल्यावर जवळ उभे राहिले तर टिक, टिक असा आवाज येतो. प्रत्येक आवाज एका भेगेचा. या ताण-मोकळ्या भेगा अपेक्षित आहेत. बीडला (वेल्डच्या पट्ट्याला) आडव्या, साधारण १० ते २५ मिमी अंतराने आल्या तर काम बरोबर चालले आहे. बीडच्या लांबीने धावणारी किंवा बीडच्या कडेखाली शिरणारी भेग मात्र दोष आहे. तिच्यामुळे पुढे अख्खा पट्टा सुटतो. हे डिपॉझिट मशीन होत नाही, फक्त ग्राइंड होते, आणि गॅस कटरने कापतही नाही.

गरम जागी, साधारण ६०० अंशांपर्यंत, नायोबियम, मॉलिब्डेनम, टंगस्टन, व्हॅनेडियम असलेले मिश्र कार्बाइड घ्यावे. व्हॉल्व्ह सीटसारख्या उष्णता, गंज आणि धातूची घासण एकत्र असलेल्या जागी कोबाल्ट मिश्रधातू. आघात नसलेल्या, अत्यंत बारीक कणांच्या घासणीला निकेल धातूत बसवलेले टंगस्टन कार्बाइड. हे शेवटचे लावताना करंट कमी ठेवा; जास्त उष्णतेत कार्बाइडचे कण वितळून भोवतालच्या धातूत मुरतात आणि ज्यासाठी खर्च केला ते कणच उरत नाहीत.

प्लेटपेक्षा खरोखर वरचढ आहे का?

ही तपासणी झीजरोधक प्लेटसाठी खास आहे आणि बऱ्याचदा राहून जाते. ४०० ब्रिनेल म्हणजे सुमारे ४३ एचआरसी, ५०० ब्रिनेल म्हणजे सुमारे ५२. आता ५०० ब्रिनेलच्या प्लेटवर ४५ एचआरसीचा मार्टेन्सिटिक थर दिला तर प्लेटपेक्षा मऊ धातू वर चढवला आणि खालचा उष्णतेने मऊ केला. फायदा काहीच नाही. घासणीत अशा प्लेटवर कार्बाइडवालेच डिपॉझिट परवडते. ६०० ब्रिनेलच्या प्लेटवर तर थेट हार्डफेसिंग करण्यापेक्षा झिजलेला तुकडा बदलणे बहुधा शहाणपणाचे.

पाकिटावरचा आकडा आणि भेसळ

पाकिटावरची रचना शुद्ध डिपॉझिटची असते. प्रत्यक्षात वितळलेला मूळ धातू त्यात मिसळतो. हाताच्या रॉडने ही भेसळ २० ते ३० टक्के सहज होते, सबमर्ज्ड आर्क या वेल्डिंग पद्धतीत त्याहून जास्त, प्लाझ्मा ट्रान्सफर्ड आर्क पद्धतीत ५ ते १५ टक्के.

हिशेब करून बघा. रॉड ३० टक्के क्रोमियम, ४ टक्के कार्बनचा. प्लेटमध्ये कार्बन ०.२ टक्के, क्रोमियम नगण्य. भेसळ ३० टक्के. पहिल्या थरात क्रोमियम २१ आणि कार्बन २.८६ टक्के उरते. दुसऱ्या थरात २७.३ आणि ३.६६. म्हणजे रॉडचे खरे गुण दुसऱ्या थरात दिसतात. भेसळ कमी ठेवायची तर करंट पाकिटावरच्या मर्यादेच्या खालच्या अंगाला ठेवा, आर्क प्लेटवर न ठेवता आधीच्या बीडवर ठेवा आणि बीड निम्मे एकमेकांवर चढवा.

पाकिटावर ईएन १४७०० या युरोपीय मानकाचा सांकेतिक गट असेल तर तुलना सोपी होते: एफई९ ऑस्टेनिटिक मँगनीज, एफई१० क्रोम-निकेल-मँगनीज, एफई१५ उच्च क्रोम कार्बाइड, एफई१६ मध्ये इतर कार्बाइडही.

मधला थर कधी द्यावा

क्रोम कार्बाइडची भेग मूळ धातूत उतरू नये म्हणून खाली चिवट थर देतात. ५०० ब्रिनेलच्या कडक प्लेटवर आणि सतत वाकणाऱ्या भागावर तो टाळू नका. ३०७ प्रकारचा क्रोम-निकेल-मँगनीज किंवा ३०९ स्टेनलेस रॉड, एक थर पुरतो. मँगनीज पोलादावरही हेच. तिथे साधा कार्बन स्टील रॉड वापरला तर भेसळीतून ठिसूळ मार्टेन्साइट तयार होतो आणि वरचा सगळा थर पापुद्र्यासारखा उचलला जातो.

झीज खोल असेल तर उंची हार्डफेसिंगने भरू नका. आधी भरणीच्या मिश्रधातूने मूळ मापाच्या ६ मिमी खालपर्यंत या. क्रोम कार्बाइडचे दोन थर, फार तर तीन. त्यापुढे ते स्वतःच्या ताणाने सुटते.

एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत

५०० ब्रिनेलच्या ४० मिमी जाड प्लेटचा बकेटचा ओठ, माल वाळू आणि खडी मिसळलेला.

जुना थर कार्बन आर्कने गॉज करा, म्हणजे वितळवून काढा, आणि नंतर १ ते २ मिमी ग्राइंड करा, कारण गॉजिंगने पृष्ठभागात कार्बन शिरतो. तेल, रंग, ओल काढा. भेगा आहेत का ते डाय पेनिट्रंटने (भेगांत शिरणाऱ्या रंगद्रवाने) तपासा. असतील तर मुळापासून काढून कमी हायड्रोजनच्या मऊ रॉडने, जसे ७०१८, भरा. हा रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजलेला असावा. हार्डफेसिंग रॉड मात्र उत्पादक सांगेल तेवढाच भाजा. ग्रॅफाइटचे आवरण असलेले रॉड जास्त तापमानाला खराब होतात.

प्लेट १७५ ते २०० अंशांपर्यंत सावकाश तापवा आणि तापमान ज्योतीच्या उलट बाजूने मोजा. ३०७ चा एक थर द्या, गाळ (स्लॅग) पूर्ण काढा. मग क्रोम कार्बाइडचे दोन थर, फक्त एका अंगाला. दुसरे अंग मऊ राहून आधी झिजते आणि धार आपोआप टिकते.

रचना मालाप्रमाणे. मोठे दगड असतील तर बीड मालाच्या वाहण्याच्या दिशेत, म्हणजे दगड रुळावरून सरकावा तसे घसरतात. निव्वळ वाळू असेल तर आडवे बीड. मधल्या खाचांत वाळू भरून बसते आणि वाळूच वाळूला घासते. इथे मिश्र माल असल्याने जाळीदार रचना योग्य. खाचा मालापेक्षा इतक्या रुंद नकोत की खडी थेट प्लेटला भिडेल. मुख्य जोडांच्या वेल्डवरून हार्डफेसिंग नेऊ नका. काम झाल्यावर पाणी मारायचे नाही; उष्णतारोधक ब्लँकेटखाली थंड होऊ द्या.

धुराकडे दुर्लक्ष नको. उच्च क्रोम रॉडच्या धुरात षटसंयुजी क्रोमियम असते आणि मँगनीज रॉडच्या धुरात मँगनीज. पहिले कर्करोगकारक, दुसरे मज्जासंस्थेला घातक. धूर खेचणारी व्यवस्था आणि योग्य श्वसन-मास्क हवाच. थंड होताना टवके उडू शकतात, म्हणून गाळ काढताना चष्मा उतरवू नका.

बिघाड कुठून आला

पट्टा सुटला आणि खालच्या बाजूला मूळ धातू चिकटलेला असेल तर प्रीहीट कमी पडले किंवा हायड्रोजन होता. असा तडा वेल्डनंतर कित्येक तासांनी, कधी दोन दिवसांनीही येतो, म्हणून ४८ तासांनी पुन्हा तपासा. सुटलेल्या तुकड्याची खालची बाजू स्वच्छ, चकचकीत असेल तर नीट फ्यूजन (दोन्ही धातू वितळून एकजीव होणे) झालेले नाही किंवा गाळ राहिला. थर शाबूत पण लवकर झिजला तर भेसळ जास्त झाली किंवा एकच थर दिला. टवके गेले तर आघाताचा अंदाज चुकला. पुढच्या वेळी टायटॅनियम कार्बाइड किंवा मँगनीजकडे वळा. थराच्या कडेला लागून प्लेटमध्येच खाच पडली असेल तर मऊ पडलेला उष्णताबाधित पट्टा झिजतो आहे: उष्णता कमी करा आणि थराची कड झिजेच्या जागेच्या पलीकडे न्या.

पुन्हा लावण्याची वेळ ठरवण्यासाठी वेल्ड झाल्यावरच तीन-चार ठरलेल्या ठिकाणी जाडी मोजून लिहून ठेवा. मधला थर दिसू लागला की काम थांबवून नवा थर द्या. तोपर्यंत प्लेट शाबूत असते आणि भरणीची गरज पडत नाही.