सोन्याच्या खाणीचा प्लॅन दर वर्षी बदलतोय? आधी जुन्या पीडीएफ काढा

खाणीचा शेअर घेतलाय, "पुढच्या वर्षी सोनं निघणार" हे तिसऱ्यांदा ऐकताय आणि डोकं फिरलंय, तर ग्रुपवर शिव्या घालायच्या आधी एक काम करा. बीएसईच्या साइटवरून कंपनीच्या जुन्या अनाउन्समेंट आणि अ‍ॅन्युअल रिपोर्ट उतरवून घ्या आणि वहीत चार रकाने आखा: कधी सांगितलं, पहिलं सोनं कधी, खर्च किती, कारण काय दिलं. नव्या प्रेझेंटेशनमध्ये जुना आकडा सहसा शेजारी नसतोच, तो आपणच मांडायचा.

आता हे बघा. चिली-अर्जेंटिनाच्या सीमेवर अँडीज पर्वतात बॅरिक गोल्ड या कॅनडाच्या कंपनीची पास्कुआ-लामा खाण. 2009 ला खर्च 2.8 ते 3 अब्ज डॉलर, सोनं 2013 ला. 2011 ला खर्च 4.7 ते 5 अब्ज. जुलै 2012 ला 7.5 ते 8, सोनं 2014 च्या मध्यात, आणि नोव्हेंबरात आकडा साडेआठपर्यंत. एप्रिल 2013 ला पाणी आणि हिमनद्यांच्या तक्रारीवरून चिलीतल्या कोर्टाने तिकडचं काम थांबवलं, ऑक्टोबरात कंपनीनेच प्रोजेक्ट गुंडाळून ठेवला. एकेक बातमी सुटी वाचली तर वाटतं थोडा उशीर झालाय, बाकी ठीक. खाली खाली लिहित गेलं की दिसतं, तारीख दीडेक वर्षच सरकली होती तेव्हा खर्च जवळपास तिप्पट झाला होता. म्हणून तारखेपेक्षा खर्चाचा रकाना आधी बघा.

कारणाच्या रकान्यात मात्र प्रामाणिक राहा. आपल्याकडे 2015 च्या कायदादुरुस्तीने खाणी लिलावाने द्यायच्या ठरल्या, आधी शोधकाम केलेल्यांना जी सवलत ठेवली होती ती 2021 ला काढली, त्यात अडकलेल्या कंपनीवर उशिराचं सगळं खापर फोडून चालणार नाही. पण कारण दर वेळी नवीन असेल, एकदा पाऊस, एकदा मशिनरी, एकदा "स्कोप वाढवतोय", तर मग कान टवकारा. आणि "रिसोर्स", म्हणजे जमिनीत किती सोनं असेल याचा अंदाज, वाढला म्हणून नाचू नका, काढायला परवडेल असं सिद्ध झालेलं तेवढंच "रिझर्व्ह".

मग एजीएमला, म्हणजे कंपनीच्या वार्षिक सभेला, स्पीकर (प्रश्न विचारणारा) म्हणून नाव नोंदवा, नोटीसमध्ये मुदत असते ती चुकते बऱ्याच जणांची. "सोनं कधी?" असं विचारलं की "लवकरच" येतं. असं विचारा: "गेल्या रिपोर्टच्या अमुक पानावरची तारीख कुठल्या परवानगीसाठी सरकली, अर्ज कधी केला, आणि उरलेला पैसा कर्जातून येणार की नवीन शेअर काढून?" शेवटचा भाग सोडू नका, नवीन शेअर निघाले की तुमचा वाटा बारीक होतो. हेच कंपनी सेक्रेटरीला मेलवर पण टाका.

उत्तरच आलं नाही किंवा माहिती दडवल्यासारखी वाटली तर सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार, कंपनीने 21 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. भाव पडला ही तक्रार तिथे चालत नाही बरं का. पास्कुआ-लामावरून बॅरिकच्या शेअरहोल्डरांनी अमेरिकेत केलेली केस 2016 ला 14 कोटी डॉलरवर मिटली, तीही कंपनी आधी काय बोलली होती यावरच उभी होती, त्यामुळे त्या पीडीएफ फोन बदलताना उडवू नका.