मोठ्या कामाचा मधला काळ कसा निभवावा

मोठे काम हाती घेताना उत्साह असतो आणि ते संपत आले की हुरूप पुन्हा येतो. माणसे गळतात ती मधल्या लांबलचक काळात, जिथे आरंभ मागे पडलेला असतो आणि शेवट अजून दृष्टीच्या टप्प्यात आलेला नसतो. नवी भाषा शिकायची असो, प्रबंध लिहायचा असो किंवा मॅरेथॉनची तयारी करायची असो, चिकाटीची तजवीज करायची ती याच काळासाठी.

मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ साली असे मांडले की उंदीर अन्नाच्या जितके जवळ जातात तितका त्यांचा वेग वाढतो. माणसाचेही बरेचसे तसेच असल्यामुळे तीन वर्षांच्या कामाला तीन वर्षांनंतरचा एकच शेवट ठेवू नये, तर दर तीन-चार आठवड्यांनी गाठता येईल असा एक मुक्काम ठरवावा. हा मुक्काम फळाचा नसून कृतीचा असावा. ‘भाषा सफाईने बोलता येणे’ आपल्या हातात नसते, ‘या महिन्यात वीस धडे’ हे असते.

रोजच्या कामाची मात्र दोन मापे ठरवावीत: एक नेहमीच्या दिवसाचे आणि दुसरे वाईट दिवसाचे. दुसरे माप इतके लहान असावे की ताप उतरल्यानंतरच्या अशक्तपणातही ते पुरे करता यावे. एक परिच्छेद, दहा मिनिटांचे चालणे, पाच शब्द. हे माप ठरवताना लाज वाटते, आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते, कारण ते उत्साहाच्या दिवशी आखलेले वेळापत्रक थकलेल्या दिवसावर लादतात. कामाची वेळही मोघम न ठेवता एखाद्या ठरलेल्या घटनेशी बांधावी: ‘रात्रीचे जेवण आटोपले की लगेच वही उघडायची.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेल्या अशा ‘जर-तर’ योजनांमुळे दर वेळी नव्याने मन वळवण्याचा त्रास वाचतो.

सवय एकवीस दिवसांत लागते, या समजुतीवर विसंबू नये. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये केलेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात साधी कृती अंगवळणी पडण्याचा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडत नसल्याचेही त्यात दिसले. म्हणून खाडा झालाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काम करून भरपाई करू नये, वाईट दिवसाचे माप उचलावे आणि पुढे जावे.

धीर आणि हट्ट यांतला फरक ओळखणे सर्वांत अवघड. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या अखेरच्या प्रमेयावर, म्हणजे साडेतीनशे वर्षे सिद्ध न झालेल्या एका गणिती विधानावर, सुमारे सात वर्षे काम करून १९९३ च्या जूनमध्ये सिद्धता जाहीर केली आणि पुढे तिच्यात त्रुटी सापडली. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये ती दूर झाली, पण तीच वाट रेटून नव्हे, तर पूर्वी सोडून दिलेल्या एका पद्धतीकडे परत वळल्यामुळे. उद्दिष्ट तेच ठेवून मार्ग बदलण्याची ही सोय आपणही ठेवावी. त्यासाठी दर तीन महिन्यांनी फेरविचाराची तारीख आधीच लिहून ठेवावी आणि रोज काय केले याची एका ओळीची नोंद करावी. काम सोडावेसे वाटले तर निर्णय त्याच संध्याकाळी न घेता त्या तारखेला घ्यावा, आणि तोही तोवरच्या सगळ्या नोंदी ओळीने वाचून झाल्यावर.