मुंबईत परवडणारी जुनी अमेरिकन गाडी: आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी

इंपाला, कॅडिलॅक आणि उघड्या टपाची कुठलीही गाडी यादीतून आधीच खोडा. तिथे गाठ संग्राहकांशी पडते आणि त्यांच्याशी पैशाच्या जोरावर कुणी जिंकत नाही. परवडणारी अमेरिकन गाडी मुंबईत अजून मिळते, पण ती १९४६ ते १९५५ च्या सुमाराची, चार दारांची, सहा सिलिंडरची साधी सेदान असते. बहुधा प्लिमथ, डॉज किंवा डिसोटो.

याच गाड्या का, ते कुर्ल्यात कळतं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात त्यांची जुळणी केली. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला. फोर्डनेही त्याच सुमाराला गाशा गुंडाळला, कारण नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्या सरकारला नको होत्या, गाडी इथेच बनवणाऱ्या हव्या होत्या. पुढे आल्या त्या मुख्यतः वकिलातींच्या गाड्या, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकलेल्या, त्याही मोजक्या. म्हणजे साठा सत्तर वर्षांपूर्वीच ठरला आणि तेव्हापासून तो घटतोच आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या आयातीचे नियम अलीकडे सैल झालेत, पण सीमाशुल्क आणि बाकीचे कर मिळून गाडीच्या किमतीच्या वर जातात. परवडणारी गाडी हवी असेल, तर परदेशातल्या जाहिराती बघत बसू नका.

कोणती घ्यायची

क्रायस्लर घराण्याचं चपट्या हेडचं सहा सिलिंडरचं इंजिन हे पहिलं कारण. २१७.८ किंवा २३० घनइंच, म्हणजे साधारण ३.६ ते ३.८ लिटर. त्यात तेल दाबाने सगळीकडे पोचतं आणि बेअरिंगचे शेल बदलता येतात. हेच इंजिन अमेरिकेत ट्रक, फोर्कलिफ्ट आणि वेल्डिंग सेटमध्ये पुढे कितीतरी वर्षं वापरलं गेलं, म्हणून गॅसकेट, रिंगा, पाण्याचा पंप, व्हॉल्व्ह आजही नवे मिळतात. १९५२ पर्यंतच्या बहुतेक शेवरलेमध्ये २१६ घनइंचाचं इंजिन असतं. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये बॅबिट, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, ओतलेलं असतं आणि रॉडला तेल उडवून दिलं जातं. ते बॅबिट नीट ओतणारा कारागीर आता शोधावा लागतो, त्यामुळे खालून ठकठक येणारी शेवरले स्वस्त असली तरी सोडा. फोर्डचं चपट्या हेडचं व्ही-८ ऐकायला सुंदर, पण त्याचे एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधूनच जातात, म्हणून ते लवकर तापतं. सायनच्या सिग्नलला मे महिन्यात त्याची परीक्षा घेऊ नये.

दुसरं कारण काच. १९४६-४८ च्या प्लिमथ-डॉजची पुढची काच दोन तुकड्यांची आणि सपाट असते. मुंबईतला कुठलाही चांगला काचवाला ती लॅमिनेटेड काचेतून कापून देतो. १९५३ नंतरच्या अखंड वक्र काचेला तडा असेल, तर तेवढ्या एका काचेपायी वर्ष जाऊ शकतं. काचेवर आडवी पोलादी पट्टी टेकवा. कडेला फट दिसली की काच वक्र आहे, हे धरूनच भाव बोला.

टायरचंही पाहा. १९४८ पर्यंतच्या या गाड्यांचं ६.००-१६ हे माप जीपचंही असल्यामुळे सहज मिळतं. १९४९ पासून रिम १५ इंची झाली. ती अरुंद असते, त्यामुळे आजचे रुंद एसयूव्हीचे टायर तिच्यावर चढवले तर बाजू फुगतात आणि वळणावर गाडी हेलकावते.

आणि आधी पार्किंग मोजा. १९५४ पर्यंतची मोठी प्लिमथ सेदान पाच मीटरच्या जराशी आत बसते, साठच्या दशकातली इंपाला ५.३ ते ५.५ मीटरपर्यंत जाते. नव्या इमारतींतल्या लिफ्टच्या पार्किंगमध्ये लांबी आणि उंची दोन्हींना मर्यादा असते, ती सोसायटीकडून लेखी घ्या.

कुठे शोधायची

जाहिरातीत येईपर्यंत गाडी दोन दलालांच्या हातून गेलेली असते. भायखळा, माझगाव, ग्रँट रोड, परळ इथल्या जुन्या गॅरेजवाल्यांना, ऑपेरा हाऊसच्या आसपासच्या स्पेअर पार्टवाल्यांना आणि कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात सांगून ठेवा. कुणाची गाडी कुठल्या शेडमध्ये उभी आहे, हे त्यांना माहीत असतं. चोर बाजार दिवे, मोनोग्राम आणि हबकॅपसाठी ठीक. अख्ख्या गाडीसाठी नाही.

सध्या सगळ्यात जास्त गाड्या बाहेर पडतात त्या पुनर्विकासामुळे. इमारत पाडायची तारीख ठरली की कंपाउंडमध्ये वीस-तीस वर्षं ताडपत्रीखाली असलेली गाडी हलवावीच लागते आणि मालकाला घाई होते. गिरगाव, दादर, वांद्रे इथल्या जुन्या सोसायट्यांत पहारेकऱ्याकडे आणि सेक्रेटरीकडे चौकशी करा. मात्र गाडीवर पालिकेची बेवारस वाहनाची नोटीस चिकटली असेल, तर आधी मालक शोधा आणि नोटिसीचं काय झालं ते विचारा.

लग्नाला आणि शूटिंगला गाड्या भाड्याने देणारेही अधूनमधून एखादी विकतात. ती चालू स्थितीत असते, पण दर हंगामाला रंगावर रंग चढलेला असतो. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूरकडच्या गाड्यांचा पत्रा मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाडीपेक्षा सहसा बरा असतो, म्हणून तिकडे एक फेरी मारणं फुकट जात नाही. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलीला जा, पण गाड्यांपेक्षा त्यांच्या मेकॅनिकांशी बोला.

कागद

इथे घाई केली की पैसे बुडालेच. आरसी बुक मूळ हवं, झेरॉक्स नको. त्यावरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. प्लिमथ-डॉजचा इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, हेडच्या लगेच खाली, सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. युद्धानंतरच्या प्लिमथमध्ये तो इंग्रजी 'पी' आणि आकड्याने सुरू होतो: पी १५ म्हणजे १९४६-४८ ची मालिका. पातळ कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. पट्टी ग्राइंडरने घासलेली दिसली, की तिथूनच परत फिरा.

जुना तीन अक्षरी नंबर आरटीओच्या संगणकावर नसणं नेहमीचंच. 'वाहन' पोर्टलवर गाडी दिसत नसेल, तर जिथे नोंद आहे त्या आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकात भर, करून घ्यावी लागते. हे काम विक्रेत्याने, त्याच्या नावावर आणि त्याच्या खर्चाने, व्यवहाराआधी करायचं असं ठरवा. पर्यावरण कर आणि जुन्या कराची थकबाकीही तेव्हाच कळते.

बऱ्याचदा गाडी आजोबांच्या नावावर असते आणि विकायला नातू उभा असतो. अशा वेळी आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावे हस्तांतर, बाकीच्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं आणि त्यानंतर फॉर्म २९-३० वर तुमच्या नावे. मृत मालकाने 'सही करून ठेवलेले' कोरे फॉर्म कुणी दाखवले, तर त्यांना काडीची किंमत देऊ नका. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हातात आल्याशिवाय ती ट्रकवर चढवू नका. बयाणा मोठा देऊ नये. मोठी रक्कम नाव चढल्यावर.

नोंदणी कोणत्या प्रकारची ठेवायची, हे किमतीइतकंच महत्त्वाचं. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. आधीचा नंबर ठेवता येतो. पण ही गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. साधी नोंदणी ठेवायची तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि २० वर्षांवरच्या मोटारीला २०२५ च्या दराने १०,००० रुपये. गाडी आयात केलेली असेल तर ८०,०००. आरसीत गाडी 'इंपोर्टेड' म्हणून लिहिली आहे का, हे म्हणूनच आधी पाहा. कुर्ल्यात जुळलेल्या गाडीचा तसा पुरावा घरात कुठे असेल, तर तो विक्रेत्याकडून मागून घ्या. विम्यातही फरक पडतो: व्हिंटेज नोंदणीच्या मोटारीला थर्ड पार्टी प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेट्रोल महागल्यावर अनेक अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिन बसवलं गेलं. अशी गाडी स्वस्त मिळते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी व्हिंटेजच्या व्याख्येत बसत नाही आणि नव्या इंजिनासाठी चेसिसचा पुढचा आडवा मेंबर कापला असेल तर मूळ इंजिन परत बसवणंही अवघड होतं. कागद पूर्ण नसलेल्या गाडीला सुट्या भागांचा भाव द्या, गाडीचा नाही.

पत्रा आणि चमचम

लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्डच्या कडा, दारांचा खालचा वीतभर भाग, दारांखालची पट्टी आणि हेडलाइटच्या कड्याभोवती फिरवा. जिथे पकडत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. मग गालिचा उचला, डिकीतली स्टेपनी काढा आणि फरशीच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. मागच्या ॲक्सलच्या वर चेसिसच्या दोन्ही बाजू आतून चाचपा. तिथला सडका भाग ठिगळाने सुटत नाही. शक्य असेल तर जुलैत, जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी गाडी बघायला जा. पुढच्या काचेचं रबर आणि छताची कड कुठे गळते, हे पाणीच दाखवतं. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी दारांच्या आतल्या गाळावरून ओळखता येते; दाराची आतली पॅनल काढू दिली नाही तर काही लपवायचं आहे असं समजा.

पत्रा कुठलाही चांगला डेंटर बनवून देतो. ग्रिल, टेललाइटच्या चौकटी, मोनोग्राम, दारांची हँडलं मात्र कुणी बनवून देत नाही, आणि नवशिके नेमकं हेच विसरतात. यातले बरेच भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. त्यांवर आतून फोड येतात, प्लेटिंगवाल्याने थेट बुडवले तर खड्डे तसेच राहतात आणि ते आधी तांब्याने भरावे लागतात. स्टेनलेसच्या पट्ट्या पॉलिशने परत उजळतात, त्यांची काळजी नको. नसलेल्या प्रत्येक भागाची यादी फोटोसकट करा. इंजिन जाम असलेली पण ट्रिम, म्हणजे हे सगळे चमकते भाग, पूर्ण असलेली गाडी ही चालणाऱ्या पण अर्ध्या ट्रिमच्या गाडीपेक्षा चांगली खरेदी ठरते.

इंजिन

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला लगेच सेल्फ मारू नका. सहाही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ तेल सोडा, एक दिवस जाऊ द्या आणि मग हाताने फिरवून पाहा. फिरलं तर बाटलीतून ताजं पेट्रोल द्या, टाकीतलं नाही. कुजलेल्या पेट्रोलचा चिक कार्बोरेटर बंद करतो.

कॉम्प्रेशन गेज लावून थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजा. १०० पीएसआयच्या आसपास समाधानकारक, ८० च्या खाली दुरुस्ती आली. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर हेड गॅसकेट. एकटा कमी असेल तर बहुधा जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि तो इंजिन न उतरवता निघतो.

या इंजिनाचा खरा शत्रू मात्र एक पत्र्याची नळी. पाण्याच्या पंपामागे, ब्लॉकच्या आत, लांबीभर जाणारी ही नळी पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागांवर सोडते. वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं की ती गंजते आणि मागचे सिलिंडर तापतात. मग रेडिएटर नवा घातला, पंप बदलला, तरी गाडी ट्रॅफिकमध्ये उकळतेच. गरम इंजिनावर इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडचं पुढचं आणि मागचं टोक मोजा; मागे बरंच जास्त असेल तर नळी गेली. नवी नळी महाग नाही, पण जुनी सडलेली नळी तुकड्यातुकड्यांनी काढण्याची मजुरी भावातून वजा करा. हेड गॅसकेट मागवण्याआधी हेडची लांबी मोजा: ही इंजिनं सुमारे २३ आणि २५ इंच अशा दोन लांबींत येतात आणि एकाची गॅसकेट दुसऱ्याला बसत नाही.

वीज ६ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थची असते, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. सेल्फ मंद फिरतो म्हणून अनेकांनी १२ व्होल्ट केलेलं असतं, आणि त्यात पेट्रोलचा काटा जळालेला असतो. खरं दुखणं बहुतेकदा बारीक बॅटरी केबलचं असतं; ६ व्होल्टला ५० चौरस मिलिमीटरची जाड केबल लागते.

चाकं काढताना डावीकडच्या बोल्टचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर पाना लावून ते तोडाल. मागचा ब्रेक ड्रम टेपर, म्हणजे निमुळत्या, ॲक्सलवर घट्ट बसलेला असतो, त्याला दणकट हब पुलर लागतो. हातोड्याने ठोकून ॲक्सलचं टोक खराब केलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. ब्रेकचं सर्किट एकच असल्यामुळे एका व्हील सिलिंडरची गळती चारही चाकांचा ब्रेक घालवते. पेडल एक मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली गेलं तर गाडी फ्लॅटबेडवरूनच घरी न्या.

घेतल्यानंतर पहिल्या पार्सलमध्ये व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरच्या किट, पाण्याची नळी, गॅसकेट संच आणि इथेनॉल सोसणारा पेट्रोल पंपाचा डायफ्राम एकत्रच मागवा, म्हणजे कुरियर एकदाच लागेल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराच्या पेट्रोल नळ्या त्याने मऊ होऊन फुटतात. त्या सगळ्या गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढण्याआधीच बदला आणि बॉनेटजवळ छोटं अग्निशामक ठेवा.