गावात राहून डेटा सायन्सची इंटर्नशिप करायची असेल तर

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या सत्रात आम्हाला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, असते, म्हणून जानेवारी ते मार्च मी पुण्याच्या एका टीमसोबत घरूनच डेटा सायन्सची इंटर्नशिप केली. काम गुलाबी बोंडअळीचं, म्हणजे कापसाची बोंडं पोखरणाऱ्या किडीचं होतं. वासाने किड्यांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात रात्रीतून किती पतंग (या अळीचेच पुढे होणारे पंखवाले किडे) पडले ते फोटोवरून मोजणारं मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, बनवायचं, आणि त्या आकड्यांवरून पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधायचा. गावातल्या दोघी ज्युनिअर मुली आता विचारतात, ताई कसं केलं? त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

जागा शोधताना

एका ठिकाणाहून अर्ज केल्यावर दोन तासांत निवडीचं पत्र आलं. मुलाखत नाही, एक प्रश्न नाही, आणि खाली सर्टिफिकेटचे ३,००० रुपये भरायला सांगितलेले. बाबा तुरीच्या पैशातून द्यायला तयार झाले होते. मी भरू दिले नाहीत. इंटर्नकडून पैसे घेणाऱ्याला तुमचं काम नको असतं. असं पत्र आलं तर उत्तरसुद्धा देऊ नका.

मी एकतीस मेल पाठवले. पहिल्या पंचविसांत कोर्सची यादी होती, एकालाही उत्तर आलं नाही. मग यादी काढून टाकली आणि एकच काम दाखवलं. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या साइटवरून आपल्या भागातल्या बाजार समित्यांचे कापसाचे रोजचे भाव उतरवून घेतले, त्यांचा आलेख काढला, आणि कोणती नोंद संशयास्पद वाटते व का, ते चार ओळींत लिहिलं. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या हंगामात एखाद्या ओळीत ७५० दिसले, तर भाव पडलेला नसून टाइप करताना शून्य राहिलं आहे, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. शहरातल्या मुलाला ते शोधून काढावं लागतं. आपल्या घरातलं हे ज्ञान मेलमध्ये लिहा. मला दोन उत्तरं आली, दोन्ही या मेलला.

लाइन आणि नेट

माझा लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅमचा. मॉडेल शिकवायचं काम कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन संगणकावर केलं. तिथे जीपीयू (असं काम झपाट्याने करणारी चिप) फुकट मिळतो, पण नेट तुटलं की काही वेळाने सेशन बंद पडतं आणि चार तासांचं काम जातं. माझं दोनदा गेलं. म्हणून शिकवण्याची प्रत्येक फेरी संपली की मॉडेल ड्राइव्हवर सेव्ह होईल अशी ओळ कोडमध्ये पहिल्याच दिवशी घाला. लाइन (वीज) कधी जाते त्याचं आठवडाभर टिपण ठेवा आणि मीटिंगची वेळ त्याप्रमाणे मागून घ्या. मी दुपारची मीटिंग सकाळी नऊला मागितली, लगेच मिळाली. सांगायला लाजू नका.

डेटा हातात आल्यावर

इथेच माझा निम्मा काळ गेला आणि इथेच खरं काम झालं.

आधी तारखा बघा. ०७/०८/२०२४ ही आपली ७ ऑगस्ट. डेटाच्या फाइल वाचायला आम्ही वापरतो ते पँडास मुळात महिना आधी धरतं, म्हणून तिची ८ जुलै होते. मला आलेखात जुलैच्या सुरुवातीला पतंगांचा मोठा उंचवटा दिसला आणि खटकला. जूनच्या पावसावर टोबलेली (पेरलेली) पऱ्हाटी तेव्हा जेमतेम वीतभर असते, आणि ही अळी तर फुलं-पात्यांवर येणारी. फाइल वाचतानाच दिवस आधी आहे असं सांगणारा पर्याय द्या, आणि नंतर प्रत्येक महिन्याच्या नोंदी मोजून खात्री करा. गावाच्या नावांवर विसंबू नका. इंग्रजीत एकच गाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, त्यामुळे जनगणनेचा कोड वापरा.

आता शून्याबद्दल. तीन हंगामांच्या नोंदींत काही दिवस असे होते की डझनभर गावांत एकदम शून्य पतंग. आदल्या दिवशी सात-आठ, दोन दिवसांनी परत नऊ. पुण्याच्या टीममधल्या मॅडमना वाटलं पाऊस असेल. मी पावसाची नोंद लावून पाहिली, जुळेना. मग त्या तारखा कागदावर लिहिल्या: १४ सप्टेंबर २०२३, २ सप्टेंबर २०२४, २२ ऑगस्ट २०२५. आई शेजारी तांदूळ निवडत होती. तिला तारखा वाचून दाखवल्या तर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. तिन्ही दिवशी पोळा होता. २०२३ ला अधिक श्रावण आला म्हणून तो सप्टेंबरच्या मध्यावर गेला होता.

मी नोंदी घेणाऱ्या सर्वेक्षकांना फोन केला. ते म्हणाले, "पोळ्याले वावरात कोन जाते ताई? बैल सजवाचे का सापळे मोजाचे?" त्यांनी जागा रिकामी सोडली होती. पुढे कुणीतरी फाइल एकत्र करताना सगळ्या रिकाम्या जागी शून्य भरून टाकलं.

यातून बिघडतं काय, ते नीट समजून घ्या. एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग, असं सलग ३ रात्री झालं, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरतात आणि फवारणीचा सल्ला देतात. मध्ये एक खोटं शून्य आलं की सलग मोजणी तुटते आणि इशारा जातच नाही. त्यात पोळा अमावस्येला, आणि अमावस्येच्या आसपास पतंग जास्त अंडी घालतात असं आमच्याकडचे शेतकरी धरून चालतात. म्हणजे ज्या दिवसांकडे शेतकऱ्याचं सर्वात जास्त लक्ष, त्याच दिवसांत आपलं मॉडेल आंधळं.

म्हणून शून्य दिसलं की तीन प्रश्न विचारा. पतंग खरंच नव्हते का? कुणी मोजायला गेलं होतं का? आणि सापळ्यातला ल्यूर (पतंगांना ओढणारी वासाची गोळी) वेळेवर बदलला होता का? जुन्या ल्यूरचा वास उडाला की वावरात कितीही पतंग असोत, सापळा रिकामाच राहतो. आम्ही 'मोजणी झाली का' असा वेगळा रकाना केला आणि पोळा व दुसऱ्या दिवशीची कर 'माहीत नाही' म्हणून ठेवली, अंदाजाने भरली नाही.

एकदा तरी सापळा पाहून या

जानेवारीत आमच्या शेजारच्या वावरात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटता ठेवलेली पऱ्हाटी, उभी होती. फरदड ठेवू नये, अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं, पण हातात पैसा नसला की माणूस अजून एक वेचा बघतो. तिथला सापळा मी सकाळी सोडवून पांढऱ्या कागदावर झटकला. पतंग जेमतेम नखाएवढा, करडा-तपकिरी, पंखांच्या कडेला बारीक झालर. सोबत दोन मुंग्या, काडीकचरा आणि एक भलताच किडा. त्यानंतर फोटो बघायची माझी नजर बदलली. बाबा मागून म्हणाले, "पतंग मोजाले कॉम्प्युटर कायले लागते वं?" मी म्हटलं, एक सापळा तुम्ही मोजाल, तीनशे गावांचे रोज कोण मोजेल?

मोबाइलचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद असतो. त्यात पतंग शंभर-सव्वाशे पिक्सेलचा. मॉडेलला देण्यासाठी फोटो २२४ पिक्सेलवर आणला की तोच पतंग सहा-सात पिक्सेलचा ठिपका होतो, आणि मग मुंगी आणि पतंग सारखेच. फोटो लहान करण्याऐवजी त्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा द्या.

टक्क्यांना भुलू नका

माझं पहिलं मॉडेल ९४ टक्के बरोबर आलं. मी आनंदाने घरभर सांगत सुटले. मॅडमनी एकच विचारलं, फोटोंची विभागणी कशी केली? मी सगळे फोटो पिसून निम्मे इकडे, निम्मे तिकडे टाकले होते. एकाच सापळ्याचे सोमवारचे फोटो शिकवायला आणि मंगळवारचे परीक्षेला. तोच कागद, तोच उजेड, तीच सावली. मॉडेलने पतंगाइतकीच जागाही पाठ केली होती. गावं वेगळी काढून परत तपासलं तर आकडा ७१ वर आला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण हाच आकडा खरा होता. विभागणी नेहमी गावानुसार किंवा सापळ्यानुसार करा, आणि अंदाजाच्या मॉडेलसाठी आधीचे हंगाम शिकवायला, शेवटचा हंगाम परीक्षेला ठेवा.

दुसरं असं की, शंभर दिवसांत धोक्याचे दिवस आठच असतील, तर रोज 'धोका नाही' म्हणणारं मॉडेलही ९२ टक्के बरोबर येतं आणि शेतकऱ्याच्या काहीच कामाचं नसतं. त्या आठांपैकी किती पकडले, ते आधी सांगा. त्यालाच रिकॉल म्हणतात. खोटे इशारे किती गेले तेही सोबत सांगा, कारण विनाकारण फवारणीचा खर्च आणि विषाचा धोकाही शेतकऱ्याच्याच अंगावर पडतो. २०१७ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही.

मीटिंगमध्ये

पहिले दोन आठवडे मी तोंड उघडलं नाही. इंग्रजी अडखळेल म्हणून आदल्या रात्री तीन वाक्यं लिहून ठेवायचे: काय केलं, कुठे अडलं, काय हवं. पोळ्याची गोष्ट मात्र मी मराठीतच सांगितली, आणि त्या दिवशी सगळे शांत बसून ऐकत होते. अडलं की दोन तास स्वतः झुंजा, मग विचारा. मी एकदा चार दिवस गप्प राहिले, शेवटी चूक एका स्वल्पविरामाची निघाली.

कॉलेजला द्यायचं पत्र शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, मार्चअखेर कुणालाच वेळ नसतो. कोणतं काम बाहेर दाखवता येईल तेही लिहून घ्या, कारण सापळ्यांचा डेटा आपला नसतो. माझं बाजारभावाचं नोटबुक (कोड आणि आलेखांची फाइल) मात्र माझं आहे. गावातल्या कुणाला हवं असेल तर संध्याकाळी सहानंतर घरी या, तेव्हा लाइन असते.