चावी काढली तरी फोर्कलिफ्ट जिवंतच असते: देखभाल करताना या चुका टाळा

कारखान्यातील इतर यंत्रांवर काम करताना मुख्य स्विच पाडला, त्याला कुलूप घातले आणि धोक्याची पाटी अडकवली की तंत्रज्ञ बऱ्यापैकी निर्धास्त होतो. इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टच्या बाबतीत मात्र हीच सवय घात करते, कारण तिचा वीजस्रोत तिच्या पोटातच असतो आणि त्याला बंद करण्याचे बटण नसते. चावी फिरवल्याने साधारणपणे फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, उघडतो. बॅटरीपासून कॉन्टॅक्टरपर्यंतच्या केबलमध्ये पूर्ण व्होल्टेज तसेच राहते. त्यामुळे बॅटरीचा मुख्य प्लग काढून, तो पुन्हा कोणी जोडू नये म्हणून कुलूप व पाटी लावल्याशिवाय झाकणाचा एकही स्क्रू सैल करू नये.

प्लग काढल्यावरही कंट्रोलरमधील (मोटर नियंत्रित करणाऱ्या पेटीतील) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे घटक, काही काळ भरलेले असतात. ते स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामे करण्याची पद्धत धोकादायक आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे आणि मग मीटरने मोजावे. मीटर आधी चालू बॅटरीवर तपासावा, नंतर कपॅसिटरवर लावावा आणि शेवटी पुन्हा त्याच बॅटरीवर तपासावा, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

‘अठ्ठेचाळीस व्होल्टने काय होणार?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. 2 व्होल्टच्या 24 सेलची ही बॅटरी कोरड्या त्वचेला कदाचित जोराचा झटका देणार नाही, पण तिच्या दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर हजारो अँपिअरचा प्रवाह वाहतो, पाना क्षणात लालबुंद होतो आणि वितळलेला धातू डोळ्यांत उडू शकतो. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे आणि पाने इन्सुलेटेडच वापरावेत. 80 व्होल्टची यंत्रे तर 60 व्होल्ट डीसी ही विद्युत वाहनांच्या सुरक्षा मानकांतील धोक्याची मर्यादा ओलांडतात. तिथे तपासलेले रबरी हातमोजे हवेतच. शेकडो व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर चालणाऱ्या अवजड यंत्रांना त्या कामाचे प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावू नये.

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हा वायू हलका असल्याने छताखाली साचतो, म्हणून वायुवीजन वरच्या बाजूला हवे आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीच्या कप्प्याचे झाकण उघडे हवे. चार्जर बंद न करता प्लग ओढणे म्हणजे नेमक्या त्याच ठिकाणी ठिणगी पाडणे होय. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरावे. आधी भरल्यास द्रावण फुगून बाहेर सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या जेमतेम बुडतील एवढे पाणी आधी घालावे.

सांडलेल्या आम्लाचा ओलसर थर, विशेषतः पावसाळ्यात, बॅटरी आणि चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) यांच्यामध्ये विजेची वाट तयार करतो. चासीला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटणे किंवा कंट्रोलरने कारण न कळता फॉल्ट दाखवणे ही त्याची लक्षणे असू शकतात. मीटरचे एक टोक टर्मिनलला आणि दुसरे बॅटरीच्या पेटीला लावून ठळक व्होल्टेज दिसले, तर सेलची झाकणे बंद ठेवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पृष्ठभाग धुवावा व पूर्ण सुकवावा. प्रेशर वॉशर अजिबात वापरू नये.

बॅटरी बदलताना केवळ व्होल्ट आणि अँपिअर-तास (बॅटरीची साठवण क्षमता) जुळवून चालत नाही. बॅटरीचे वजन हा समतोलाचा भाग असल्याने, नेमप्लेटवरील किमान वजनापेक्षा हलकी बॅटरी बसवली तर भार उचलताना गाडी पुढे कलंडू शकते. वीज तोडली तरी उंचावलेला मास्ट (भार वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा) स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो, हेही विसरू नये. तो खाली टेकवून हायड्रॉलिक दाब सोडावा आणि उंचावूनच काम करावे लागले तर मजबूत आधार लावून साखळीने बांधल्याशिवाय कोणी त्याखाली जाऊ नये.