जिओड कसा वाचावा: काळ्या दगडातील स्फटिकांची ओळख

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पोकळ्या राहिल्या. पुढे खडकांतून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली खनिजे या पोकळ्यांत आणून सोडली आणि त्यांचे स्फटिक वाढत गेले. आतून असा स्फटिकांनी मढलेला पोकळ दगड म्हणजे जिओड.

मुलांनो, हाती आलेला दगड फोडण्याची घाई करू नका, कारण हातोडीच्या एका घावात सर्वांत नाजूक स्फटिक आधी तुटतात. सुरुवातीला आधीच उघडलेला जिओड आणि एक भिंग घेऊन उजेडात बसावे आणि निरीक्षण बाहेरून आत करत जावे. भिंतीला आधी गिलावा आणि मग रंग लागतो, त्याप्रमाणे कवचाला चिकटलेला थर सहसा सर्वांत जुना असतो आणि पोकळीच्या मध्याकडे टोके करून वाढलेले स्फटिक त्यानंतरचे असतात. बारीक रंगीत पट्टे दिसले तर तो अकीक होय. सहा बाजूंची, टोकदार, काचेसारखी खडी दिसली तर ते क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. त्यातच जांभळी झाक असेल तर तो अमेथिस्ट. त्याचा रंग अत्यल्प लोह आणि खडकांतील नैसर्गिक किरणोत्सर्ग यांमुळे येतो.

आपल्याकडची खरी श्रीमंती मात्र झिओलाइट, म्हणजे आपल्या रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या, गटातील खनिजांत आहे. फिकट गुलाबी-केशरी स्टिल्बाइट मध्यभागी बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे दिसते, तर स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया एका बिंदूपासून चहूकडे पसरतात. पारदर्शक किंवा हिरवट अपोफिलाइट याच गटाच्या शेजारी सापडते, पण ते झिओलाइट नाही. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील गडद निळे कॅव्हनसाइट तर जगभरचे संग्राहक शोधत असतात.

कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतले खनिज, आणि गारगोटी यांची गल्लत हमखास होते. अशा वेळी तुटक्या, बिनमहत्त्वाच्या तुकड्यावर पोलादी खिळा ओढून पाहावा: कॅल्साइटवर ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही. कॅल्साइटच्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाकले तर बुडबुडेही येतात. कापसाच्या गोळ्यासारख्या ओकेनाइटला मात्र बोटही लावू नये, कारण त्याचे तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत.

दगड फोडायचाच असेल तर तो मोठ्या माणसांकडून, डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून, जाड कापडात गुंडाळून फोडून घ्यावा, आणि चालू खाणीत कधीही जाऊ नये. उत्तम नमुने पाहण्यासाठी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे. स्वतःच्या प्रत्येक नमुन्याखाली तो कोठे आणि कधी मिळाला याची चिठ्ठी त्याच दिवशी लावावी. ठिकाण विसरले की दगडाचा निम्मा इतिहास हरवतो.